चालत होणारी कामे: घर घेण्यापूर्वी परिसर कसा पारखावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नारायण पेठेतील वाड्याचा पुनर्विकास होणार असल्याने आपल्या कुटुंबाला दुसरीकडे घर घ्यायचे आहे. घरात बहात्तर वर्षांच्या सासूबाई आणि चौथीत शिकणारा मुलगा आहे. एक पर्याय कोथरूडमध्ये डहाणूकर कॉलनीच्या आसपासच्या जुन्या तीन मजली इमारतीत आहे आणि दुसरा बाणेरच्या एका मोठ्या, नव्या गृहसंकुलात. दोन्ही ठिकाणी नकाशावर किराणा, औषधे आणि भाजी पाचशे मीटरच्या आत दिसते. मग रोजची कामे खरोखर पायी होतील की नाही, हे आधी कसे ओळखावे?

रस्ते आणि पादचारी सुविधा यांच्या नियोजनाचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि त्या आधारावर पहिली गोष्ट सांगतो ती अशी की, आपण विचारात घेतलेल्या सगळ्या माहितीत अंतर ही सर्वांत कमी उपयोगाची माहिती आहे. परिसर चालण्याजोगा आहे की नाही, हे घरापासून दुकानापर्यंतच्या वाटेवरील सर्वांत वाईट दहा मीटर ठरवतात. चारशे नव्वद मीटर उत्तम सावलीचा, सपाट पदपथ असेल आणि उरलेल्या दहा मीटरमध्ये दुभाजक नसलेला चौपदरी रस्ता ओलांडावा लागत असेल, तर सासूबाईंच्या दृष्टीने ते दुकान पाच किलोमीटरवर असल्यासारखेच आहे, कारण त्या तेथे एकट्या जाणार नाहीत. माणूस वाटेची सरासरी काढून चालत नाही. एक अडथळा पार होत नसेल, तर तो संपूर्ण फेरी सोडून देतो किंवा दुचाकी काढतो, आणि एकदा दुचाकी काढली की चारशे नव्वद मीटरचा चांगला पदपथही वाया जातो.

अंतरावर एवढा भर का दिला जातो, याला नियोजनशास्त्राचा इतिहास कारणीभूत आहे. अमेरिकन नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये शेजारवस्तीची जी कल्पना मांडली, तिच्यात प्राथमिक शाळा मध्यभागी ठेवून सुमारे पाव मैलाची, म्हणजे चारशे मीटरची त्रिज्या धरली होती. चंडीगडचा ८०० मीटर गुणिले १२०० मीटरचा सेक्टर त्याच विचारांच्या कुळातला आहे, आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईत सेक्टरनिहाय बाजार, शाळा आणि उद्याने आखताना हेच तर्कशास्त्र वापरले. २००७ मध्ये सिएटल येथे सुरू झालेली ‘वॉक स्कोअर’ ही गुणपद्धती एखाद्या पत्त्याला शून्य ते शंभर गुण देते. पाच मिनिटांच्या अंतरातील सुविधेला पूर्ण गुण मिळतात, तर तीस मिनिटांच्या पलीकडच्या सुविधेला काहीच नाही. पॅरिसमधील प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी २०१६ मध्ये मांडलेली ‘पंधरा मिनिटांच्या शहरा’ची, म्हणजे रोजच्या सुविधा घरापासून पंधरा मिनिटांत पायी किंवा सायकलने गाठता येण्याची कल्पना, जी पुढे पॅरिसच्या महापौरांनी उचलून धरली, तीही वेळ आणि अंतर यांच्याच भाषेत बोलते. या सर्व पद्धतींनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: रस्त्याच्या कडेला चालता येतेच, प्रश्न एवढाच की चालून जाण्यासारखे तेथे काही आहे का. अमेरिकेच्या उपनगरांत ही अडचण खरीच आहे. तेथे निवासी विभागात दुकानाला परवानगीच नसते, त्यामुळे न्यू जर्सीतील आपल्या एखाद्या नातेवाइकाला दुधासाठी गाडी काढावी लागते. आपल्याकडे दुकान बहुधा जवळच असते, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेचीच खात्री नसते. म्हणून तिकडचा मापदंड येथे जसाच्या तसा लावला, तर पुण्याचा जवळजवळ प्रत्येक पत्ता उत्तीर्ण होईल आणि त्या उत्तीर्ण होण्याला काही अर्थ राहणार नाही.

आपण आज जेथे राहता त्या पेठांचेच उदाहरण घ्या. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठा मोटारगाडी येण्याच्या कित्येक पिढ्या आधी वसल्या. तळमजल्यावर दुकान आणि वर बिऱ्हाडे, दर शंभर-दीडशे पावलांवर चौक, दोन रस्त्यांना जोडणारे बोळ, आणि टप्प्यात असलेली मंडई, तुळशीबाग व लक्ष्मी रस्ता, अशी ही रचना असल्याने एका फेरीत भाजी, औषध, शिंपी आणि बँक अशी चार कामे उरकतात. ही चार कामे एकत्र होणे फार मोलाचे असते, कारण प्रत्येक कामासाठी स्वतंत्र फेरी मारावी लागली, तर कोणीही फार काळ पायी जात नाही. मात्र याच पेठांत पदपथ एक तर नाही किंवा त्यावर दुचाक्या उभ्या आहेत, आणि शिवाजी रस्ता व बाजीराव रस्ता एकेरी केल्यापासून तेथील वाहने सलग आणि वेगात येतात, त्यामुळे रस्ता ओलांडणे वृद्धांना अवघड जाते. याउलट गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाढलेल्या बाणेर, बालेवाडी, वाकड यांसारख्या भागांत रस्ते रुंद आहेत, काही ठिकाणी पदपथही दृष्ट लागण्यासारखे आहेत, पण त्या पदपथाला लागून दीड-दोनशे मीटर नुसती सीमाभिंत असते. पेठेत कामे आहेत आणि वाट नाही. नव्या उपनगरात वाट आहे, ती जाते मात्र कोठेच नाही. माझे मत विचाराल, तर पहिली उणीव दूर करणे पुष्कळ सोपे आहे. पदपथ एका वर्षात बांधता येतो. पण ज्या रस्त्यावर दुकानासाठी गाळेच बांधलेले नाहीत, तेथे बाजार वसायला एक पिढी जाते.

आता प्रत्यक्ष पारखण्याकडे वळू. प्रथम कागदावर आपल्या घरातील कामांची यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ते किती वेळा करावे लागते, कोण करते आणि परत येताना हातात किती ओझे असते. दूध, भाजी, रक्तदाबाच्या गोळ्या ही वारंवार होणारी, हलक्या ओझ्याची कामे आहेत, आणि ती सासूबाई करीत असतील, तर त्यांच्या वेगानेच अंतर मोजले पाहिजे. निरोगी प्रौढ व्यक्ती मिनिटाला सुमारे ऐंशी मीटर चालते. सत्तरी ओलांडलेली व्यक्ती पन्नास ते साठ मीटर. म्हणजे नकाशाने पाच मिनिटे दाखविलेली वाट त्यांना सात-आठ मिनिटांची आहे, आणि परतीला पिशवी असल्यास त्याहून जास्त. पिठाची गिरणी हे माझ्या मते फार बोलके ठिकाण आहे. दहा किलो गहू घेऊन जायचे, ते दळून होईपर्यंत थांबायचे किंवा परत यायचे आणि गरम पिठाचा डबा घरी आणायचा, हे जेथे पायी, निदान चाकांच्या पिशवीतून ओढत करता येते, तेथे इतर जवळजवळ सर्व कामे पायी होतात. शिवाय गिरणी जेथे टिकून आहे, तेथे कमी भाड्याचे गाळे शिल्लक आहेत, आणि त्याच गाळ्यांत इस्त्रीवाला, चांभार, झेरॉक्सचे दुकान, शिवणकाम करणाऱ्या बाई टिकलेल्या असतात. ज्या भागात फक्त कपड्यांचे मोठे दालन, कॉफीचे दुकान आणि बँकेची शाखा आहे, तो भाग नकाशावर गजबजलेला दिसतो, पण चप्पल तुटल्यावर काय करायचे, याचे उत्तर तेथे नसते. बालेवाडीच्या हाय स्ट्रीटसारख्या ठिकाणी खाण्यापिण्याची चैन आहे. त्याला रोजच्या कामांचा बाजार समजू नये.

दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या सेवांमुळे या यादीची गरजच उरली नाही, असे हल्ली पुष्कळ जण म्हणतात. सामान घरी येते हे खरे. पण रक्त तपासायला जाणे, चष्म्याची दांडी बसवून घेणे, वाचनालयातील पुस्तक बदलणे आणि मुलाला शिकवणीला सोडणे ही कामे घरपोच होत नाहीत, आणि सासूबाईंना दिवसातून एकदा घराबाहेर पडण्याचे निमित्त तर कोणतीच सेवा आणून देत नाही. त्यामुळे यादी करताना या सेवा हिशेबात धरू नयेत, असा माझा सल्ला आहे.

यादीनंतर वळशाचा प्रश्न येतो, आणि बाणेरच्या संकुलाबाबत तो विशेष काळजीपूर्वक पाहावा. नकाशावर दुकान दोनशे मीटरवर दिसते ते सरळ रेषेत. प्रत्यक्षात आपली इमारत संकुलाच्या मागच्या बाजूला असेल आणि एकच मुख्य फाटक समोरच्या बाजूला असेल, तर फाटकापर्यंतच तीनशे मीटर, मग भिंतीला वळसा घालून पुढे सहाशे मीटर, असा प्रकार होतो. प्रत्यक्ष चालण्याचे अंतर सरळ अंतराच्या दीडपटीपर्यंत असेल, तर वाट चांगली समजावी. अडीच-तीनपट झाले, तर लोक चालणे सोडून देतात, असा माझा अनुभव आहे. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मागच्या भिंतीतील एक छोटे फाटक. अनेक संकुलांत ते मूळ नकाशात असते, बांधलेलेही असते आणि सुरक्षेच्या नावाखाली कुलूप लावून बंद असते. घर पाहायला जाल तेव्हा विक्री प्रतिनिधीला पोहण्याच्या तलावाविषयी विचारण्याऐवजी हे फाटक आहे का, किती वाजता उघडते आणि रहिवाशांच्या सभेने त्याबाबत काय ठराव केला आहे, हे विचारावे. तसेच विकास आराखड्यातील जो रस्ता ‘लवकरच होणार’ म्हणून दाखवला जातो, तो आज जमिनीवर आहे का, हे स्वतः पाहावे. आराखड्यातील रस्ता मध्येच एखाद्या जागेचे संपादन अडल्याने वर्षानुवर्षे अर्धवट राहणे ही आपल्या शहरांत नेहमीची गोष्ट आहे, आणि पदपथ नेमका तेथेच संपतो.

पदपथाकडे पाहताना त्याच्या सौंदर्याकडे दुर्लक्ष करावे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शिकेने, जिचा क्रमांक १०३ आहे आणि जिची २०१२ ची आवृत्ती आम्ही अनेक वर्षे वापरली, निवासी भागात चालण्यासाठी किमान १.८ मीटर निर्वेध रुंदी सांगितली आहे आणि बाजारपेठेच्या भागात २.५ मीटर. ‘निर्वेध’ हा शब्द येथे महत्त्वाचा. तीन मीटरचा पदपथ असला, पण त्यात झाडाचा पार, विजेची पेटी, जाहिरातीचा खांब आणि बसथांब्याचा मागचा भाग असला, तर उरलेली ऐंशी सेंटिमीटर हीच त्याची खरी रुंदी. उंची हे दुसरे माप. पदपथाची कड रस्त्यापासून पंधरा सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी, असे ही मार्गदर्शिका सांगते. आपल्याकडे डांबराचे थर, पावसाळी गटारे आणि ठेकेदाराची सोय यांमुळे ती कित्येक ठिकाणी तीस सेंटिमीटर भरते. त्यात प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी पदपथ खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. दर वीस मीटरवर असा चढ-उतार असलेल्या पदपथावरून गुडघे दुखणारी व्यक्ती चालत नाही. ती रस्त्यावरून चालते, आणि मग वाहनचालक म्हणतात की पदपथ असूनही लोक रस्त्यावरून चालतात. योग्य रचनेत पदपथ सपाट राहतो आणि गाडीने त्याच्यावरून सावकाश चढून उतरायचे असते. जेथे पदपथ मोकळा आहे आणि तरीही लोक त्याच्या शेजारून रस्त्यावर चालत आहेत, तेथे लोकांवर विश्वास ठेवावा. पदपथात काहीतरी खोट आहे.

पदपथावर दुचाक्या चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांचीही एक गंमत आहे. दोन खांबांमधून चाकांची खुर्ची जायची, तर सुमारे नव्वद सेंटिमीटर जागा लागते, आणि बहुतेक स्कूटरच्या हँडलची रुंदी त्यापेक्षा कमी असते. म्हणजे जेथून खुर्ची जाते तेथून स्कूटरही जाते. खांब जवळजवळ रोवले, तर स्कूटर थांबते आणि खुर्चीही थांबते. यावर निव्वळ रचनेचे उत्तर नाही. तेथे वाहतूक पोलिसांची पावतीच लागते. जेथे खांब अगदी दाटीने रोवलेले दिसतील, तेथे चाकांच्या पिशवीचा आणि बाळाच्या गाडीचा विचार कोणी केलेला नाही, असे समजावे.

परंतु मी वर म्हटले ते सर्वांत वाईट दहा मीटर बहुधा पदपथावर नसतात; ते रस्ता ओलांडण्याच्या ठिकाणी असतात. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील ३२,८२५ पादचारी होते, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात नोंदलेले आहे. म्हणजे साधारण पाचांपैकी एक. आपल्या दोन्ही पर्यायांच्या ठिकाणी मोठा रस्ता कोठे ओलांडावा लागतो, हे आधी नकाशावर खूण करून ठेवावे आणि मग जागेवर जाऊन घड्याळ लावावे. सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. चोवीस मीटर रुंदीचा रस्ता या हिशेबाने वीस सेकंदांत पार होतो. सासूबाईंचा वेग ०.८ मीटर धरला, तर तीस सेकंद लागतात. या दहा सेकंदांच्या फरकात त्या अजून रस्त्यातच असतात. रस्त्याच्या मध्यावर उभे राहण्यापुरता, किमान दीड-दोन मीटर रुंदीचा, सपाट जागेचा दुभाजक असेल, तर रस्ता दोन टप्प्यांत पार करता येतो आणि काळजीचे कारण राहत नाही. दुभाजक अरुंद असेल किंवा त्यावर शोभेची झुडपे आणि लोखंडी जाळी असेल, तर ती जागा नापास करावी. डावीकडे वळणाऱ्या वाहनांना सिग्नल लाल असतानाही मोकळी वाट दिलेली असेल, तर तेही पाहून ठेवावे, कारण पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागलेला असताना ही वाहने थांबत नाहीत.

मुंबई–बंगळूर महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या बाणेर, बावधन, वाकड या भागांत तर एक साधा नियम लावावा: घर आणि बाजार महामार्गाच्या एकाच बाजूला असले पाहिजेत. भुयारी मार्गातून किंवा सेवा रस्त्याच्या कडेने पलीकडे जाता येते, असे कोणी सांगितले, तरी रोजच्या कामासाठी ती वाट धरू नये. पादचारी पुलांबाबतही मी साशंक आहे. मुंबईत २००८ मध्ये वांद्रे पूर्व स्थानकापासून पहिला स्कायवॉक सुरू झाला आणि मग महानगर प्रदेशात असे पूल ठिकठिकाणी उभे राहिले. रेल्वे स्थानकातून बाहेर पडणाऱ्या हजारोंच्या लोंढ्याला त्यांचा काही ठिकाणी उपयोग होतो. पण अर्धा किलो भेंडी आणायला दोन मजले चढून दोन मजले उतरणारा माणूस मी पाहिलेला नाही. रस्ता जमिनीवरच ओलांडता आला पाहिजे.

फेरीवाल्यांविषयी माझे मत आपल्याला कदाचित पटणार नाही. पदपथावरील हातगाड्या म्हणजे चालण्यातील अडथळा, असा सर्वसाधारण समज आहे आणि अरुंद पदपथावर तो खराही आहे. तथापि, नव्या उपनगरात जेथे गाळे नाहीत, तेथे कोपऱ्यावर बसणारी भाजीवाली आणि संध्याकाळी लागणारी फळांची गाडी याच मुळात चालत जाण्याजोग्या सुविधा असतात, आणि त्यांच्यामुळे रात्री आठनंतरही त्या कोपऱ्यावर दिवा आणि माणूस असतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहरांत पथविक्री समित्या स्थापून, त्यांत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून, विक्रीची क्षेत्रे आखून देण्याची व्यवस्था सांगितलेली आहे. जेथे चार-साडेचार मीटरचा पदपथ आहे, तेथे १.८ मीटर चालण्यासाठी मोकळे ठेवून बाकीच्या जागेत गाड्यांची एक रांग सहज बसते. अतिक्रमण विभागाने गाड्या हटवल्यावर त्या जागी काय येते, हे मी अनेकदा पाहिले आहे: महिन्याभरात तेथे मोटारी उभ्या राहतात, आणि मोटारीच्या मागून वाकून वाट काढता येत नाही.

जागेची पाहणी रविवारी सकाळी करू नये. घरे दाखवणारे लोक तीच वेळ देतात, कारण तेव्हा रस्ता रिकामा असतो. कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता जावे, सासूबाईंना बरोबर न्यावे, त्यांच्या हातात रिकामी का होईना पण नेहमीची पिशवी असावी, आणि घरापासून भाजी, औषध, गिरणी आणि बसथांबा या क्रमाने एक फेरी पूर्ण करावी. त्या कोठे थांबल्या, कोठे आपला हात धरला आणि कोठे पदपथ सोडून रस्त्यावर उतरल्या, एवढेच लक्षात ठेवले तरी पुरे. शक्य असल्यास दुसरी फेरी पावसात मारावी, कारण पाणी कोठे तुंबते, कोणत्या चेंबरचे झाकण हलते आणि कोणत्या गुळगुळीत फरश्या निसरड्या होतात, हे उन्हाळ्यात कळत नाही. उन्हाळ्यात सावली कळते. दिवे, बसायला एखादा कट्टा आणि वापरण्याजोगे सार्वजनिक स्वच्छतागृह यांचीही नोंद घ्यावी. साठीनंतर या तिन्ही गोष्टी वाटेची लांबी ठरवतात. शेवटी, संकुलाच्या सुरक्षारक्षकाशी आणि तेथे घरकामाला येणाऱ्या बायकांशी बोलावे. त्या परिसरात नाइलाजाने का होईना, रोज पायी हिंडणारी माणसे तीच असतात, आणि कोणती वाट दिवसा चालते व कोणती अंधार पडल्यावर चालत नाही, हे कोणत्याही नकाशापेक्षा त्यांना अधिक नेमके माहीत असते.

पालिका काही करणार आहे का, असे आपण शेवटी विचारले आहे. कागदावर पुणे या बाबतीत बरेच पुढे आहे. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे केली, जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद करून तेथे बसायला आणि मुलांना खेळायला जागा केल्या, आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. जंगली महाराज रस्त्याचे काम खरोखर चांगले झाले. मात्र तो खरेदीला आणि फिरायला जाण्याचा रस्ता आहे. वस्तीतील बारा मीटरच्या रस्त्याला, जेथे वाणी आणि दवाखाना असतो, असा निधी आणि असे लक्ष क्वचितच मिळते. अशा छोट्या रस्त्यांसाठी उपयोगी पडणारी एक सोय मात्र आहे: २००६-०७ पासून पुणे महापालिका आपल्या अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेल्या कामांसाठी काही तरतूद ठेवत आली आहे. पदपथाचा तुटलेला तुकडा, फाटकाजवळचा उतार, एक दिवा किंवा एक बाक, अशी छोटी आणि जागा नेमकी दाखवणारी कामे क्षेत्रीय कार्यालयात लेखी सुचवली, तर ती होण्याची शक्यता बरी असते. ‘परिसर पादचारीस्नेही करावा’ अशा अर्जावर मात्र कोणताही अभियंता काहीही करू शकत नाही. चौक सुधारणे, सिग्नल बसवणे, रस्त्याची हद्द मिळवणे ही कामे या मार्गाने होत नाहीत, म्हणून ती होतील या भरवशावर घर घेऊ नये.

आपल्या दोन पर्यायांपैकी माझा कल कोथरूडकडे आहे. डहाणूकर कॉलनी आणि तिच्या शेजारच्या वस्त्यांत लहान प्लॉट, आतले अरुंद रस्ते, तळमजल्यावरील दुकाने आणि जुनी झाडे असल्याने वळसा कमी पडतो आणि एका फेरीत अनेक कामे होतात; आतल्या रस्त्यांवर वाहनांचा वेग कमी असल्याने पदपथ अपुरा असला, तरी चालणे निभावते. कर्वे रस्ता ओलांडावा लागणार नाही, अशा बाजूचे घर मिळत असेल, तर फारच उत्तम. बाणेरचे घर इतर कारणांसाठी घ्यायचेच ठरले, तर मागचे फाटक उघडे असलेले आणि बाजाराच्या बाजूची इमारत मिळणारे संकुलच घ्यावे, त्यासाठी वरच्या मजल्यावरचे दृश्य सोडावे लागले तरी हरकत नाही. कोथरूडच्या इमारतीबाबत मात्र आपण एक माहिती दिलेली नाही. तीन मजली जुन्या इमारतींत बहुधा लिफ्ट नसते. घर दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट बसवण्यास इतर सभासदांची लेखी संमती नसेल, तर सासूबाईंच्या वाटेतील सर्वांत वाईट दहा मीटर त्या जिन्यातच आहेत, आणि तसे असल्यास माझा कल बदलेल. तळमजल्याचे घर मिळते का, हे व्यवहाराची रक्कम देण्यापूर्वी विचारून घ्यावे.